मानवी हस्तक्षेप

डोंगरीतल्या लोकांना संघप्रिया आधी जनगणनेवाली वाटली. डोक्यावर टोपी, पायात बूट, हातात टॅब, आणि चार पावलं टाकली की थांबून काहीतरी टिपणारी बाई दुसरी कोण असणार? त्यातून ती गाडीतनं नाही, भाईंदरहून येणाऱ्या बसमधून उतरायची. साहेबलोक बसनं येत नाहीत, तेव्हा ही कुणी मोठी नसावी असं गावानं ठरवून टाकलं.

"घरं मोजतेस का गो, का झाडं?" असं तिला पहिल्यांदा विचारलं ते अनसूयानं. अनसूया साठीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. बावेच्या काठावर पाय रोवून ती दोरानं पाणी ओढत होती. डोंगराच्या पायथ्याची ती विहीर काळ्या दगडात बांधलेली होती, आणि गावात तिला नुसतं बाव म्हणत. बाकीच्या विहिरींना नावं होती. हिला नावाची गरज पडली नव्हती.

"दोन्ही मोजते, मावशी," संघप्रिया म्हणाली. "पाणीपण."

"पानी कसा मोजनार? पानी हाय तो हाय," असं म्हणून अनसूयानं कळशी तिच्यापुढे धरली. संघप्रियानं ओंजळ केली आणि पोटभर प्यायली.

तिचं काम डोंगरावरच्या लष्करी तळाचं होतं. तळ वाढणार होता. जवानांच्या कुटुंबांसाठी क्वार्टर्स, दवाखाना, नवे रस्ते, सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, असं बरंच काही यायचं होतं. त्याआधी माती, पाणी, झाडं, उतार यांचा अभ्यास करून कुठे काय बांधावं याचा आराखडा द्यायचा, हे काम मीरा रोडच्या एका कंपनीला मिळालं होतं. संघप्रिया पाईकराव तिथे पर्यावरण इंजिनियर होती. असल्या कामात बहुतेक जण एकदा गाडीतून चक्कर मारतात आणि बाकीचं ऑफिसात बसून जुन्या रिपोर्टांवरून उतरवतात. संघप्रियाला ते जमायचं नाही. तिला जमीन पायाखाली लागायची.

म्हणूनच तिला बाव सापडली. बाव कागदोपत्री गावाची नव्हतीच. पूर्वी कधीतरी तळासाठी जमीन गेली, तेव्हा डोंगराचा हा उतार आणि पायथ्याची बाव दोन्ही लष्कराच्या हद्दीत गेली होती. पण कुंपण पडलं ते वर, कड्याजवळ. खाली करवंदीच्या जाळ्या आणि बाव तशीच मोकळी राहिली. ना लष्करानं कधी हटकलं, ना गावानं कधी विचारलं. गाव पाणी भरत राहिलं. बावेच्या खालच्या अंगाला अनसूयाची वाडी होती. भेंडी, लाल माठ, वाल आणि एका कडेला मोगरा. नवरा गेल्यापासून ती एकटीच वाडी करायची. मुलगा वसईला नोकरी धरून तिथेच राहिला होता. पहाटे भाजी काढून ती रिक्षानं मोरव्याकडे विकायला न्यायची आणि दुपारी परत येऊन पुन्हा पाणी शेंदायची.

तळाच्या बांधकामाचे प्रमुख मेजर थापलियाल म्हणून होते. सभ्य, मऊ बोलणारा माणूस. संघप्रियानं त्यांना पहिल्याच भेटीत विहिरीबद्दल विचारलं.

"नीचे कोई पुराना कुआँ है शायद," ते म्हणाले. "मैंने देखा नहीं. आप देख लीजिए."

ते नवेच बदलून आले होते. ते खरंच बोलत होते.

मे महिन्यात तिला बावेवर पंप लावून पाहायचा होता. दिवसभर पाणी उपसायचं, किती खाली जातं ते बघायचं, आणि पुन्हा किती वेळात चढतं ते नोंदवायचं. पंप आणि माणसं आली तसं गाव धावत आलं. गावकीचा कारभार बघणारा सहादेव पुढे होता.

"भर उन्हाल्यात बाव उपसनार? आनि आटली मंजे? तू देनार काय पानी?"

"आटणार नाही, काका. तिला पाणी कुठून येतं ते मी बघितलंय. वरच्या उतारात पाऊस मुरतो तो इथे निघतो."

"मग उपसायला कशाला पायजे?"

संघप्रिया बावेच्या कठड्यावर बसली. उन्हानं दगड तापला होता. ती म्हणाली, "वर इमारती येणारेत. त्या नेमक्या ह्या उतारावर आल्या तर पाऊस मुरणार नाही, गटारातनं समुद्रात जाईल. दोन-तीन वर्षांत बाव कोरडी पडेल. हे मी नुसतं तोंडानं सांगितलं तर कोण ऐकणार? पाण्याचे आकडे दाखवले तर ऐकावं लागेल. ह्या बावेची किंमत त्यांना कळली पाहिजे."

गाव जागचं हललं नाही. मग अनसूया पुढे आली. "उपसू द्या तिला," ती सहादेवला म्हणाली. "माज्या सासऱ्यानं हिच्यातला गाल-चिखल काढलाय, आंगावर दरड घेऊन. मना न्हाय काय तिची कालजी? पोर आपल्यासाटी करते. काय झाला तर मना विचारा."

पंप संध्याकाळपर्यंत चालला. पाणी गुडघाभर उरलं आणि तळातल्या कातळाच्या फटीतून फुटणारा झरा उघडा पडला. बायाबापड्या वाकून बघत होत्या. इतक्या वर्षांत झरा कुणी पाहिलाच नव्हता. अनसूयानं वरूनच हात जोडले. दुसऱ्या सकाळी बावेचं पाणी होतं तिथवर पुन्हा चढलं होतं. संघप्रियानं नमुना तपासायला पाठवला, तर बाटलीबंद पाण्याच्या तोंडात मारेल असं पाणी निघालं. तिनं ते गावात येऊन सांगितलं तेव्हा अनसूया हसली. "ह्यासाटी मशीन लागला होय तुला?"

भाईंदरला नवघरच्या घरी संघप्रिया आणि तिची आई कांता, दोघीच. आई मूळची परभणीकडची. संघप्रियानं झऱ्याचा फोटो दाखवला तेव्हा कांताबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

"आमच्या गावची विहीर मी कधी आतून बघितलीच नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही खालच्या अंगाला घागरी मांडून बसायचो. कुणीतरी यावं, दया यावी, वरून ओतावं. उन्हं चढली तरी बसायचो. तिथं काठावर तुला कुणी काही विचारलं नाही?"

"मावशीनं कळशीतनं पाणी दिलं. मी प्यायले."

कांताबाईंनी मान हलवली. त्या रात्रीच्या भाकरी करायला उठल्या, आणि करता करता त्यांना कुणाशी तरी फोनवर बोलताना संघप्रियानं ऐकलं, "पाण्याची इंजिनियर हाय ती. गावची विहीर वाचवती."

भांडण झालं ते ऑफिसात. कंपनीचा मालक अनिश तिच्याहून थोडासाच मोठा होता. हुशार, हसरा, कुणाचं मन न दुखवता आपलं करून घेणारा. त्याच्या आराखड्यात क्वार्टर्सच्या चारही इमारती बावेच्या वरच्या उतारावर होत्या. तिथे जमीन मऊ, खोदाई सोपी, आणि खिडकीतून समुद्र.

"पूर्वेला हलवा," संघप्रिया म्हणाली. "तिकडे सगळा कातळ आहे, पाणी मुरतच नाही. बांधलं तरी नुकसान नाही."

"कातळ फोडायला खर्च येतो."

"आणि इथे बांधलं तर बाव जाते."

"संघप्रिया, लँड डिफेन्सची आहे. बावपण डिफेन्सची. आपण काम कोणासाठी करतोय?"

"मग त्यांच्यासाठीच सांगते. मे महिन्यात टिकणारा स्वतःचा गोड्या पाण्याचा झरा हद्दीत असताना त्याच्यावर इमारत बांधणारा आराखडा मी सही करून देणार नाही. गटारं, रस्ते, उतार, सगळं पूर्वेच्या जागेसाठी मी नव्यानं काढून देते. सुट्टी न घेता देते."

तिनं दिलं. पावसाळाभर ती त्या नकाशांवर वाकलेली होती. शेवटी अनिशनं हात टेकले. राहता राहिलं रिपोर्टातलं एक वाक्य. तिनं लिहिलं होतं की, बाव आणि तिच्या वरचा उतार हे क्षेत्र संरक्षित ठेवावं, तिथे कोणताही मानवी हस्तक्षेप होऊ नये. अनिशनं ते बदलून 'शक्यतो टाळावा' केलं. तिनं पुन्हा 'होऊ नये' केलं. "शक्यतो म्हटलं की दहा वर्षांनी कुणीतरी पार्किंग बांधेल," ती म्हणाली. अनिश हसला आणि त्यानं वाक्य ठेवलं.

पण दुसरा एक परिच्छेद त्यानं काढायला सांगितला. गाव त्या बावेवर पाणी भरतं, कितीतरी पिढ्या भरत आलंय, असं त्यात होतं.

"हे नको. तू लेखी देतेयस की गाववाले डिफेन्सच्या जमिनीत येतात जातात. उद्या कुणी वरच्या साहेबानं वाचलं की अतिक्रमण म्हणून पहिली बंदी तीच घालतील. आत्ता कुणाच्या डोळ्यावर नाहीये, तर नसू दे. त्यांच्याच भल्याचं सांगतोय."

संघप्रियानं विचार केला. तिला ते पटलं. तिनं तो परिच्छेद आपल्या हातानं काढला.

आराखडा मंजूर झाला. इमारती पूर्वेला गेल्या. ती डोंगरीत सांगायला गेली तेव्हा सहादेवनंसुद्धा चहा पाजला, आणि अनसूयानं तिच्या पिशवीत वालाच्या शेंगा इतक्या कोंबल्या की शिवण फाटली. परतीच्या बसमध्ये ती फाटकी पिशवी मांडीवर धरून संघप्रिया खिडकीशी बसली होती. आपण शिकलो त्याचं चीज झालं, असं तिला तेव्हा वाटलं, आणि ते वाटणं तिनं नवघरपर्यंत पुरवून पुरवून आणलं.

दिवाळी झाल्यावर अनसूयाचा फोन आला. "बाय, ये तू. बावेला जाली घालतान."

संघप्रिया गेली तेव्हा अर्ध्याअधिक कामाचा फडशा पडला होता. हिरवे लोखंडी खांब, त्यांच्यात जाळी, वर काटेरी तारेची वेटोळी. बावेच्या काठावर नवा कोरा पंप बसला होता आणि त्याचा पाइप करवंदीच्या जाळ्यांमधून वर डोंगराकडे गेला होता. जाळीवर पाटी होती, तीन भाषांत. संरक्षित जलस्रोत. प्रवेश निषिद्ध. जाळीच्या अलीकडे कळशा घेऊन बायका उभ्या होत्या आणि पलीकडे एक कोवळा जवान बंदूक खांद्याला लावून त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता.

ती तशीच वर गेली. मेजर थापलियालांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, आप ही का काम हो रहा है," ते खुशीत म्हणाले. "आपकी रिपोर्ट ऊपर तक पढ़ी गई. बोले, इतना बढ़िया सोर्स अपनी ज़मीन में है और हम टँकर मँगवा रहे हैं? आपने लिखा, क्षेत्र संरक्षित हो, कोई मानवी हस्तक्षेप न हो. तो फेन्सिंग कर दी."

"सर, वो मैंने कन्स्ट्रक्शन के लिए लिखा था. गाँव वहाँ से पानी भरता है."

मेजर खरोखर चकित झाले. त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला, पानं उलटली. "गाँव का तो इसमें कहीं ज़िक्र नहीं है."

संघप्रियानं विचारलं, "और पंप? वो हस्तक्षेप नहीं है?"

"पंप तो मशीन है, मॅडम," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

खाली अनसूया तिची वाट बघत वाडीच्या बांधावर बसली होती. संघप्रिया तिच्याशेजारी बसली नाही. समोर उभी राहिली.

"तो मेजर सांगून गेला, बाईनी लिवलंय म्हनून," अनसूया म्हणाली. "तू लिवलंस?"

"इमारती होऊ नयेत म्हणून लिहिलं, मावशी."

"आनि आमी भरतंव ता?"

"ते लिहिलं होतं. मग काढलं. तुम्हाला त्रास होईल असं वाटलं."

अनसूयाचा आवाज चढला नाही. "तू येवच्या आदी बावेला कोनी ओलखत नव्हता," ती म्हणाली. "तेच बरा होता."

घरी संघप्रियानं आईला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. कांताबाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडात शिवी आली असती तरी चाललं असतं. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी विहिरीवरनं हाकलायला पाटलाची माणसं काठ्या घेऊन यायची. आता शिकलेली पोरगी लागती." आणि मग, मुलीचं तोंड बघून, "जेव आता," म्हणाल्या. पण बोललेलं बोलून झालं होतं.

गावानं आपल्या परीनं केलं. नगरसेवकाकडे गेले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. सगळीकडे उत्तर एकच, जागा लष्कराची, आम्ही काय करणार. महापालिकेनं नळ टाकून दिला. त्याला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही बादल्या भरेपर्यंत. पिण्याची सोय झाली, म्हणजे कागदावर तक्रार मिटली. वाडीला मात्र पाणी कुठलं? आधी लाल माठ गेला, मग भेंडी. मोगरा बरेच दिवस तग धरून होता.

संघप्रिया गप्प बसली नाही. जाळीला दार ठेवावं, गावाला पाणी भरू द्यावं, असं तिनं सविस्तर लिहिलं. बावेत दोघांना पुरून उरेल इतकं पाणी आहे हे आकड्यांनिशी दाखवलं. अनिश म्हणाला, "हे आपल्या कामात बसत नाही. पण तुला पाठवायचं तर पाठव, कंपनीचं नाव घालू नकोस." तिनं स्वतःच्या नावानं पाठवलं. मेजर थापलियालांनी ते वर पाठवलं, शिफारशीसकट. माणूस वाईट नव्हता. ती दर महिन्याला विचारायला जायची, ते दर महिन्याला चहा मागवायचे. उन्हाळा संपता संपता उत्तर आलं. दार मंजूर झालं होतं.

ती धावतच डोंगरीत गेली. देवळापुढच्या मांडवात गाव जमलं. तिनं अटी वाचून दाखवल्या. फक्त घरच्या वापरासाठी पाणी. सकाळी एक तास. पहारेकऱ्यासमोर. ज्यांना यायचं त्यांनी पोलिसांकडून चौकशी करून घ्यायची आणि फोटोचा पास गळ्यात घालायचा. वाचताना तिचं तिलाच जाणवत होतं की आवाज उतरत चाललाय, पण ती पुढे वाचत राहिली.

"काहीच न्हवता त्यापेक्षा बरा हाय," सहादेव म्हणाला. चारपाच घरांनी माना डोलावल्या.

"फोटो कशाला?" अनसूयानं विचारलं.

"ओळख पटायला, मावशी."

"कोनाला? बावेला मी ठावं हाय."

"मावशी, एवढं तरी मिळालंय. एकदा दार उघडलं की पुढे अटी सैल करून घेता येतील. मी करीन ना. तुम्ही पास घ्या."

"माज्या सासऱ्याच्या आंगावर दरड आली त्या बावेत," अनसूया म्हणाली. "त्याच्या सुनेची चौकशी पोलीस करनार, आनि मग मना गल्यात पट्टा घालून, बंदुकवाल्याच्या समोर, तासाभरात भर म्हननार. आनि तू मना सांगतेस, घ्या." ती उठली. पदर झटकला. "तू लई शिकलीस गो. पन तुला मागता येत न्हाय, आनि आमाला आता काय मागायचाच न्हाय."

मांडव दोन तुकड्यांत उठला. सहादेवसकट काही घरांनी पास काढले. पहिले काही दिवस दार उघडलं. मग पहारेकरी बदलला, तो उशिरा यायचा. मग पंपानं दिवसा पाणी इतकं खाली नेलं की दोर पुरेना. पुढे पुढे बायकांनी जाणंच सोडलं. आणि पास घेतलेल्यांशी अनसूया बोलेनाशी झाली ती झालीच. एका आळीत राहून पाठ फिरवायची.

त्या वर्षी कंपनीला तळाकडून प्रशस्तिपत्र मिळालं, जलसंवर्धनातल्या कामाबद्दल. अनिशनं ते काचेत घालून ऑफिसच्या दारातच लावलं आणि पेढे वाटले. संघप्रियाच्या टेबलावरचा पेढा संध्याकाळपर्यंत तसाच होता. तिनं नोकरी सोडायचं मनात आणलं, राजीनामा दोनदा लिहिलाही. पण सोडून जाणार कुठे? दुसऱ्या कंपनीत हेच काम, हेच अनिश. आणि ती नसती तर इमारती उतारावर बांधल्या असत्या, बावच उरली नसती, असं ती स्वतःला सांगायची. ते खरंही होतं. त्यानं तिला एकदाही बरं वाटलं नाही.

क्वार्टर्समध्ये कुटुंबं राहायला आल्यावर सांडपाण्याचं केंद्र नीट चालतं का ते तपासून द्यायचं राहिलं होतं. संघप्रिया कंपनीच्या गाडीनं गेली. जागा छान झाली होती. तिनं काढलेल्या उतारांवरून गटारं बिनबोभाट वाहत होती, झाडं जिथल्या तिथे होती, मुलं सायकली फिरवत होती. चेंबर बघत बघत ती एका इमारतीच्या मागच्या बाजूला गेली, तर तळमजल्याच्या मोरीत कुणीतरी भांडी घासत होतं. आधी पाठ दिसली. मग संघप्रियाचे पाय थांबले.

अनसूयानं मान वळवली. ती वाळली होती. गळ्यात निळा पट्टा, पट्ट्याला फोटोचा पास.

"मावशी," संघप्रिया म्हणाली, आणि पुढे तोंडातून भलतंच निघालं. "पास घेतलात?"

"कामाचा हाय," अनसूया म्हणाली. "बावेचा न्हाय."

"आणि वाडी?"

"लग्नाच्या हॉलवाल्याला दिली, गाड्या लावायला. मोगरा तेवडा रवला होता, तो त्यानंच उपटला." तिनं परात नळाखाली धरली. पाणी जोरात आलं, काचेसारखं स्वच्छ. "तोच पानी हाय. पयल्या दिवशी तोंड धुतला आनि समजला."

संघप्रियाला वाटत होतं की हिनं ओरडावं, परात फेकून मारावी, चारचौघांत शिव्या घालाव्यात. अनसूयानं काहीच केलं नाही. ती ज्या आवाजात बोलत होती त्या आवाजात माणूस अनोळख्याला रस्ता सांगतो. आतून कुणीतरी "मौसी, कुकर भी दे देना" म्हणून हाक मारली. "हा, बाय," अनसूयानं उत्तर दिलं आणि कुकर आणायला आत गेली. ती लवकर बाहेर आली नाही. संघप्रिया थोडा वेळ थांबली, मग केंद्राकडे गेली.

केंद्र चोख चाललं होतं. पाणी शुद्ध होऊन बागेला जात होतं, वास नव्हता, सगळं प्रमाणात होतं. नकार द्यायला कुठेच जागा नव्हती. तिनं सही केली.

दुपारी ती निघाली तेव्हा फाटकाशी कामवाल्या बायकांची रांग लागली होती. बाहेर पडताना प्रत्येकीची पिशवी उघडून बघत होते. कंपनीच्या गाडीला कुणी थांबवलं नसतं, पण पुढे ट्रक आडवा होता म्हणून ड्रायव्हरनं ब्रेक मारला. अनसूयाची पाळी आली होती. जवानानं तिच्या पिशवीतून प्लास्टिकची मोठी बाटली बाहेर काढली, उन्हात धरली, टोपण उघडून वास घेतला.

"ये क्या है?"

"पानी," अनसूया म्हणाली.

"बाहर पानी नहीं मिलता क्या?"

मागच्या बायका हसल्या. जवानानंही हसून बाटली परत दिली. अनसूयानं टोपण घट्ट लावलं, बाटली पिशवीत ठेवली, आणि निघताना तिची नजर गाडीच्या काचेवरून गेली. आत कोण आहे ते तिनं ओळखलं की नाही, ते संघप्रियाला कळलं नाही. ट्रक बाजूला झाला.

"मॅडम, वो मौसी को छोड़ना है क्या? बाहर तक?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं. तिनं मघाशी दाराच्या कडीला हात घातलेला त्यानं पाहिला होता.

संघप्रियानं हात काढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "चला."